स्कंथॉर्पला येऊ का, असं विचारणाऱ्या धाकट्या बहिणीला

तुझा निरोप येऊन चार दिवस झाले. वर्ध्याला नऊ वर्षं नर्स आहेस, इंग्लंडातल्या स्कंथॉर्पच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आहे, नवरा तिकडचं काम सोडून सोबत येणार, लेक यंदा पहिलीत गेली. आणि मग तुझे तीन प्रश्न: पोलादाचा कारखाना बंद पडणार म्हणतात, तर त्या गावात यावं का? मुलीच्या शाळेचं कसं होईल? आणि ताई, तिथे करमतं का?

दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण तो शाळेचा प्रश्न वाचला आणि झोप उडाली. सतरा वर्षं होत आली, मुलगा नोकरीला लागला, तरी त्याच्या इथल्या पहिल्या वर्गाचा विषय निघाला की माझ्या पोटात अजून कालवतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. आपली ओळख नाही, पण तू ताई म्हणालीस, मीही तुला अगं-तुगंच करते.

व्हिसा, आरोग्याचा अधिभार, तुमची नर्सिंगची परीक्षा यांतलं मी काही सांगणार नाही. ते सरकारी संकेतस्थळांवर आहे, शिवाय नियम सारखे बदलतात. माझं ज्ञान 2009चं. ते कामाचं नाही.

मी बल्लारपूरची. बाबा पेपर मिलमध्ये होते. मिलच्या भोंग्यावर आमच्या घरात डबे भरले जायचे, आणि बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावायचे तो वास आम्हाला येतच नसे. बी.एस्सी., बी.एड. झाले आणि तिथल्याच मराठी शाळेत सात वर्षं गणित शिकवलं. नवरा रोलिंग मिलमधला इंजिनिअर. टाटांनी 2007 साली कोरस ही पोलाद कंपनी विकत घेतली, तिच्यात स्कंथॉर्पचा पोलादाचा कारखानाही आला. त्या निमित्तानं यांची इकडे बदली झाली आणि जानेवारी 2009 मध्ये आम्ही तिघं इथं उतरलो. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत होता. सहामाही देऊन आला होता.

गाव म्हणजे मुळात पाच खेडी: ॲशबी, ब्रंबी, क्रॉस्बी, फ्रॉडिंगहॅम आणि स्कंथॉर्प. 1859 मध्ये रोलंड विन नावाच्या जमीनदाराच्या जमिनीत लोहखनिज सापडलं, भट्ट्या उभ्या राहिल्या आणि पाच खेड्यांचं एक गाव झालं. आजही लोक कारखान्याचं नाव घेत नाहीत, नुसतं 'द वर्क्स' म्हणतात. आमच्याकडे 'मिल' म्हटलं की दुसरी कुठली मिल मनात येत नसे, तसंच. चार मोठ्या झोतभट्ट्यांना, म्हणजे खनिज वितळवून लोखंड काढायच्या भट्ट्यांना, चार राण्यांची नावं आहेत: क्वीन मेरी, क्वीन बेस, क्वीन ॲन, क्वीन व्हिक्टोरिया. ब्रिटनच्या रेल्वेचे बहुतेक रूळ इथलेच. तू लंडनहून येशील ना, तर ज्या रुळांवरून येशील तेही.

पहिल्याच आठवड्यात यांना रातपाळी होती. जानेवारीत इथं चारच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे रात्र संपतच नाही असं वाटायचं. मी मुलाला घेऊन वरच्या खोलीत झोपले होते. जाग आली तर पडद्यामागून तांबडा उजेड. खिडकीतून पाहिलं, अख्खं आभाळ पेटलेलं, ढगांची पोटं केशरी झालेली. मला वाटलं, कारखान्याला आग लागली. मी मुलाला उठवलं, झोपेतच त्याच्या पायात बूट घातले, पासपोर्टांची पिशवी खांद्याला लावली आणि दार उघडून रस्त्यावर उभी राहिले. शेजारच्या आजी मांजराला आत घ्यायला बाहेर आल्या होत्या. अंगात रात्रीचा झगा. माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आभाळाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "दे आर टिपिंग, डक." म्हणजे भट्टीतली वितळलेली स्लॅग, लोखंडाची मळी, ओतताहेत, बाळ. मला 'टिपिंग'ही कळलं नाही आणि 'डक'ही. पण त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि पोराला आत ने म्हणून खूण केली, ते कळलं.

जुन्या नगरपालिकेच्या मानचिन्हावर याच उजेडाबद्दल एक ओळ आहे: 'द हेवन्स रिफ्लेक्ट अवर लेबर्स'. आमच्या श्रमांचं प्रतिबिंब आभाळात पडतं. पुढे हे रातपाळीला गेले आणि ढग तांबडे झाले की मला बरं वाटायचं. काम चालू आहे, माणसं जागी आहेत.

ते आजी-आजोबा नसते तर आम्ही टिकलो नसतो. आजोबा भट्टीवरून निवृत्त झालेले. पंधरा दिवसांनी आजींनी शनिवारी 'टी'ला बोलावलं. मी आपलं चहाला जायचं म्हणून घरी वरणभात जेवून, मुलालाही पोटभर जेवू घालून पाच वाजता गेले. टेबलावर सुऱ्या-काटे मांडलेले, मधोमध बटाटा, कांदा, चीज पिठाच्या पारीत भरून भाजलेला मोठा पदार्थ, त्याला इकडे 'पाय' म्हणतात. इकडे 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण गं. त्यांनी आम्ही मांस खात नाही हे यांच्याकडून आधीच विचारून ठेवलं होतं, आणि आजोबांनी स्वतः सांगितलं की आज आमच्या घरात चरबीचा थेंब वापरला नाही. मी भरल्या पोटी दोनदा वाढून घेतलं. हे लक्षात ठेव: कुणी 'टी'ला बोलावलं तर उपाशी जा.

चरबीवरून आठवलं. या भागात पुष्कळ दुकानांत मासे आणि चिप्स गाईच्या चरबीत तळतात, तिला 'ड्रिपिंग' म्हणतात. नुसते बटाटे म्हणून आम्ही तीन महिने खात होतो. कळलं त्या दिवशी मी न जेवता झोपले. तुमच्या घरात चालत असेल तर प्रश्नच नाही. चालत नसेल तर काउंटरवर 'कशात तळता?' एवढं विचारायचं. राग येत नाही कुणाला.

सामानाची चिंता करू नकोस. फ्रॉडिंगहॅम रोडवर बांगलादेशी, पोलिश, लिथुएनियन, सगळ्यांची दुकानं आहेत. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, तूरडाळ मिळते. गोडा मसाला मिळत नाही, तो आण. चिंच संपली की मी आमटीत रूबार्बची देठं घालते. आजोबांच्या अलॉटमेंटवर, म्हणजे नगरपालिका भाजी लावायला जो जमिनीचा तुकडा भाड्यानं देते त्यावर, रूबार्ब पोत्यानं यायचं. मस्त आंबट असतं. पानं मात्र विषारी, ती कापून टाकायची. आजोबांनी पहिल्यांदा ती आमटी चमच्यानं सूपसारखी प्यायली आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन जुड्या दारात ठेवून गेले.

आता कागदांचं थोडं सांगते, कारण हे कुठे लिहिलेलं नसतं. बँकेला पत्त्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे विजेचं बिल. विजेच्या कंपनीला बँकेचं खातं हवं. तीन आठवडे आम्ही पाकिटात रोकड घेऊन फिरलो. शेवटी घरमालकाच्या पत्रावर भागलं. पण खरी गोम पुढे होती. घर यांच्या नावावर, वीज यांच्या नावावर, कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, यांच्या नावावर. वर्षभर माझ्या नावाचा एकही कागद या देशात नव्हता. ग्रंथालयाच्या कार्डालासुद्धा यांना सोबत न्यावं लागलं. जी बाई बल्लारपुरात पगारपत्रकावर सही करायची, ती इथे कुणाच्या तरी कागदावरची दुसरी ओळही नव्हती. तुझ्या घरात हे उलटं होईल. तू कमावती, कागद तुझ्या नावाचे, आणि नवरा घरात बिननावाचा. पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिलावर दोघांची नावं घालून घे. आणि त्याच्याकडे लक्ष दे. बाईमाणसाला निदान शाळेच्या फाटकाशी चार बाया भेटतात. पुरुषाला कोण भेटतं?

माझी बी.एड. इथे चालली नाही. पुन्हा शिकायला पैसे नव्हते, इंग्रजीचा धीर नव्हता. दोन वर्षांनी मी एका प्राथमिक शाळेत डिनर लेडी झाले. जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं, सांडलेलं पुसायचं, रडणाऱ्याला जवळ घ्यायचं. अजून तेच करते. मला ते काम आवडतं. हे मी मनापासून लिहिते आहे.

करमतं का, असं विचारलंस. नाही करमत. नोव्हेंबरात जास्त नाही करमत. पडदे लवकर ओढून दिवे लाव, रोज एकदा घराबाहेर पड, भारतात फोन सकाळी कर, रात्री करू नकोस. झालं. एकटेपणावर मी याहून जास्त बोलणार नाही.

शाळेचं बोलू.

इथे इयत्ता जन्मतारखेवर ठरते. 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट असं वर्ष. माझा मुलगा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला. त्यामुळे आपल्याकडे पहिलीच्या अर्ध्यात असलेलं पोर इथे सरळ इयर टूमध्ये, म्हणजे इथल्या दुसऱ्या इयत्तेत, बसलं, वर्गात सगळ्यांत लहान. बाकीची मुलं चार-पाच वर्षांची असल्यापासून शाळेत. त्याला इंग्रजी येत नाही असं नाही, रंग, फळं, 'माय नेम इज' येत होतं. त्याला पाढे येत होते, बे ते दहा. सकाळी दात घासताना म्हणायचा, बे एके बे, बे दुणे चार, तोंडात फेस असला तरी ताल सुटत नसे.

वर्गात मुलांना टेबलांवर बसवतात. टेबलांना रंगांची नावं. शिक्षक म्हणतात की रंगाला काही अर्थ नाही, पण मुलांना पहिल्या आठवड्यात कळतं की कुठलं टेबल हुशारांचं आणि कुठलं ढ मुलांचं. माझ्या मुलाला गणितात पिवळ्या टेबलावर बसवलं. तिथे ठोकळे देऊन दहापर्यंत मोजायला लावायचे.

मार्चमध्ये पालकांची भेट असते, दहा मिनिटांची. बाईंनी त्याचा चाचणीचा कागद पुढे केला. प्रश्न होता: 14 आणि 9 यांतला 'डिफरन्स' काय? त्यानं 14 भोवती दोन छोटी वर्तुळं काढली होती, एक 1 ला, एक 4 ला. आणि 9 भोवती एकच. बाईंनी फुली मारली होती. घरी मी त्याला विचारलं तर म्हणाला, "चौदाला दोन आकडे आहेत, नऊला एकच. फरक तोच ना, आई?" बरोबरच होतं गं त्याचं. डिफरन्स म्हणजे फरक, हा अर्थ त्याला मीच विमानात शिकवला होता. वजाबाकीला इथे डिफरन्स म्हणतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी गणिताची शिक्षिका. सात वर्षं वर्गात उभी राहिलेली. तो कागद माझ्या हातात होता आणि समोर चार फुटांवर बाई. मला म्हणता आलं असतं की मॅडम, याला चौदा वजा नऊ विचारा, पाच म्हणेल. नाही म्हटलं. शब्द जुळवता जुळवता दहा मिनिटं संपली. तो कागद मी अजून ठेवला आहे.

पण मनाला जे लागलं ते हेही नाही. उठताना बाई म्हणाल्या, आणि फार मायेनं म्हणाल्या, की घरी इंग्रजीच बोला, म्हणजे तो लवकर शिकेल. त्या वाईट नव्हत्या. मला वाटतं, त्यांना तसंच शिकवलं गेलं होतं. आणि मी ऐकलं, कारण बल्लारपूरला मीही हेच सांगत असे. आमच्या वर्गात तेलुगू घरांतली पोरं असायची, काही गोंडी बोलणारी. त्यांच्या आया शाळेत आल्या की मी म्हणायची, घरी मराठी बोलत जा, पोरगं मागं पडतंय. त्या मान डोलवायच्या. घरी जाऊन त्यांचं काय झालं असेल, हा विचार मला स्कंथॉर्पला येईपर्यंत शिवला नाही.

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात मराठी बंद. आणि माझं इंग्रजी ते किती? 'शूज ऑन. ईट. कम हियर. स्लीप नाउ.' आई म्हणून माझ्याकडे एवढेच शब्द उरले. त्याला गोष्ट सांगता येईना. रागावताही नीट येईना. ताप आला तर कपाळावर हात ठेवून काय म्हणायचं, ते मला इंग्रजीत येत नव्हतं, म्हणून मी गप्प हात ठेवून बसायची. तो दात घासताना पाढे म्हणायचा तेही थांबलं. कधी थांबलं ते मला नेमकं आठवत नाही. याचंच फार वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी तो वरच्या टेबलावर गेला. इंग्रजी इथल्या पोरांसारखं झालं, आता फोनवर ऐकलंस तर उत्तरेकडचाच वाटेल, 'नाउ देन' म्हणून बोलायला सुरुवात करतो. शिक्षण उत्तम झालं. म्हणजे सल्ला लागू पडला. म्हणूनच मी कुणाशी भांडू शकत नाही. आज मी ज्या शाळेत आहे तिथे नव्या मुलांच्या आईबापांना बरोबर उलटं सांगतात: घरी तुमचीच भाषा बोला, इंग्रजी आम्ही बघतो. पहिल्यांदा हे माझ्या कानावर पडलं तेव्हा मी हातातलं फडकं तसंच धरून स्वच्छतागृहात जाऊन रडले.

आता कारखान्याचं. 2009 मध्ये लोक आम्हाला हसून म्हणायचे, तुमच्या टाटांनी आम्हाला घेतलं. ऑक्टोबर 2015 मध्ये इथल्या 900 नोकऱ्या जाणार असं जाहीर झालं, तेव्हा शाळेच्या फाटकाशी एक बाई मला म्हणाली, तुमचे लोक आम्हाला विकताहेत. तिचा नवरा त्या यादीत होता. माझा नवरा जाईल की राहील, हे मलाही माहीत नव्हतं. मी तिला काही बोलले नाही. 1 जून 2016 ला टाटांनी हा सगळा व्यवसाय एका पौंडाला दिला आणि कारखान्याच्या दारावर पुन्हा 'ब्रिटिश स्टील' आलं. मे 2019 मध्ये ती कंपनी बुडाली. मार्च 2020 मध्ये चीनच्या जिंगये गटानं घेतली. प्रत्येक वेळी आमच्या गल्लीत तेच: कुणी नवी गाडी घेत नाही, कुणी सुट्टीचं तिकीट काढत नाही, आणि न्हाव्याकडे गेलं तरी त्याच गोष्टी.

या गावानं कारखान्यासाठी माणसंही दिली आहेत. नोव्हेंबर 1975 मध्ये क्वीन व्हिक्टोरिया भट्टीवर स्फोट होऊन 11 माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी, 1 जून 1974 ला, शेजारच्या फ्लिक्सबरोच्या रसायन कारखान्यात 28 गेली. शेजारचे आजोबा हे एकदाच बोलले, आजी गेल्या त्या वर्षी. अकरांतले काहीजण त्यांच्या ओळखीचे होते. मग उठून त्यांनी केटल लावली.

मार्च 2025 मध्ये शेवटच्या दोन भट्ट्या, क्वीन ॲन आणि क्वीन बेस, बंद करायची बोलणी सुरू झाली. वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटच्या भट्ट्या सप्टेंबर 2024 मध्ये विझल्यानंतर खनिजापासून पोलाद करणारा ब्रिटनमधला हा शेवटचा कारखाना. झोतभट्टी एकदा थंड झाली की आतलं लोखंड थिजतं, ती पुन्हा पेटवणं महाकठीण. 12 एप्रिलला, शनिवारी, ईस्टरच्या सुट्टीतून पार्लमेंट बोलावलं आणि एका दिवसात कायदा करून सरकारनं कारखाना चालवायचा अधिकार हातात घेतला. मी दुपारपासून आजोबांकडे टीव्हीसमोर बसले होते. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, ओरडून सांगावं लागत होतं. संध्याकाळी ते काठी टेकत मागच्या दारात गेले, कारखान्याकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "शी'ज स्टिल लिट." अजून पेटलेली आहे ती. जेवायला चला म्हटलं तर आले नाहीत, तिथेच उभे होते.

तुझी नोकरी हॉस्पिटलातली आहे, ती भट्टीवर अवलंबून नाही. म्हणून कारखान्यापायी नाही म्हणू नकोस. पण इथे राहशील तर ही धाकधूक तुझीही होईल, एवढं जाण. तुझे पेशंट भट्टीवरचेच असतील.

आणखी एक सांगायचं आहे, ते मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. 2021 च्या फेब्रुवारीत मी इथलं नागरिकत्व घेतलं. घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मग ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात जाता येतं त्या कार्डासाठी, अर्ज. मध्ये काही महिने असे जातात की भारतात जायचा कुठलाच कागद हातात नसतो. माझा अर्ज एकदा फोटोचा आकार चुकला म्हणून परत आला, एकदा सहीची रेघ चौकटीबाहेर गेली म्हणून. एप्रिलमध्ये आई आजारी पडली. कोरोनाची दुसरी लाट. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना भारताचे ई-व्हिसा तेव्हा बंद होते. 23 एप्रिलला इंग्लंडनं भारताला प्रवासबंदीच्या लाल यादीत टाकलं. मी तातडीच्या व्हिसासाठी रोज सकाळी नऊला फोन लावायची आणि रोज तीच धून ऐकायची.

भावानं चंद्रपूरच्या दवाखान्यातून व्हिडिओ लावला. आईच्या नाकावर मास्क. तिनं माझ्याआधी नातवाला बोलावलं. "जेवलास का रे लाडोबा?" तो म्हणाला, "हो आजी." "काय जेवलास?" तो म्हणाला, "पास्ता." "ते काय असतं?" आता अठरा वर्षांचं पोरगं माझ्याकडे बघतंय. त्याला समजलं सगळं, सांगता येईना. शेवया, पीठ, पाणी, काही तोंडात येईना. मी मध्ये पडून सांगितलं, शेवयांसारखं असतं आई. ती हसली. तिची न् त्याची बोलणी तिथेच संपली. मेच्या पहिल्या आठवड्यात आई गेली. माझं कार्ड ऑगस्टमध्ये आलं.

म्हणून सांगते. घरात म्हातारी माणसं असतील तर पासपोर्ट परत करायच्या आधी दहा वेळा विचार कर, आणि मधल्या दिवसांत तिकडे कोण आहे, कुणाची तब्येत कशी आहे, ते आधी बघ. नागरिकत्व कुठे पळून जात नाही.

आणि लेकीशी मराठीत बोल. शाळेनं काहीही सांगितलं तरी. वजाबाकीला इथे 'टेक अवे' म्हणतात, 'डिफरन्स' म्हणतात, 'हाउ मेनी मोअर' म्हणतात, एवढे तीन शब्द तिला आधी शिकव. पालकभेटीला जाताना जे बोलायचं ते कागदावर लिहून ने आणि दहा मिनिटं झाली तरी उठू नकोस. मी येते तुझ्याबरोबर. मला आता इंग्रजी येतं.

माझा मुलगा लीड्सला असतो. या दिवाळीत आला होता. पासपोर्टांच्या पत्र्याच्या पेटीत त्याला आजीची पत्रं सापडली. 2009 पासून तीन-चार वर्षं आई त्याला लिहायची, एकेक अक्षर मोठं, खाली हत्ती नाहीतर पोपट काढलेला. मी ती तेव्हा त्याला वाचून दाखवलीच नव्हती, इंग्रजीचा नियम म्हणून. त्यानं विचारलं, यात काय लिहिलं आहे? मी दोन वाचली. तिसरं त्यानं माझ्या हातातून घेतलं, बोटानं अक्षर दाखवून म्हणाला, "धिस वन इज 'आ', राइट?" हो म्हटलं. मग तो बराच वेळ ते पत्र घेऊन बसला होता.

तू ये. डोंकास्टरला गाडी बदलावी लागते, तिथे लिफ्ट आहे, बॅगांची काळजी करू नकोस. इकडच्या स्टेशनवर आम्ही दोघं येऊ, लेकीसाठी जाड कोट घेऊन येते, तिकडून विकत घेऊ नकोस, तिकडचे पुरत नाहीत. गोडा मसाला आण. आणि बालभारतीचं पहिलीचं पुस्तक दोन प्रती आण, एक तुझ्या लेकीला, एक मला पाहिजे. गाडी ठरली की वेळ कळव.